एका लग्नाच्या दोन पत्रिका

माझ्या मुलीच्या लग्नाच्या दोन पत्रिका निघाल्या. एकीत लग्न दुपारी बारा पस्तीसला, नाशिक रोडच्या मंगल कार्यालयात होतं. दुसरीत ते संध्याकाळी गोरज मुहूर्तावर, मखमलाबादला आमच्या मळ्यात होतं. तारीख दोन्हींत एकच होती, नवरामुलगाही एकच होता आणि मुलगी तर माझ्याकडे आहेच एक. दोन्ही पत्रिका जाड कागदावर, सोनेरी गणपतीसकट छापलेल्या होत्या आणि दोन्ही आमच्याच माणसांनी घरोघर जाऊन, अक्षता देऊन वाटल्या होत्या. हे कसं झालं ते मी आजवर इतक्या लोकांना सांगितलं आहे की आता मला ते पाठ झालं आहे. आणि सगळं ऐकून घेतल्यावर प्रत्येक माणूस एकच प्रश्न विचारतो, "पण मौले, तुम्ही तर प्रेसमध्ये ना?"

हो, मी प्रेसमध्ये, नोटा छापतात त्या. नाशिक रोडला एवढं सांगितलं की पुढे काही सांगावं लागत नाही. माझं काम तपासणीचं. छापून आलेल्या कागदावरून नजर फिरवायची, कुठे शाई कमी पडली, कुठे रेघ सरकली ते हेरायचं आणि तो कागद बाजूला काढायचा. आमच्याकडे कुणी कुणावर विश्वास ठेवत नाही, आणि कुणाला त्याचा राग येत नाही. आत जाताना झडती, बाहेर येताना झडती. एक दरवाजा, एक शिक्का, एक साहेब. मला हा कारभार मनापासून आवडतो. आमच्या भाऊकीतही असाच कारभार असावा असं मला कायम वाटत आलं, पण आमच्या भाऊकीची झडती घ्यायला अजून कुणी जन्माला आलेला नाही.

ज्यांना आमच्याकडच्या लग्नपत्रिका माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पत्रिका आमंत्रणासाठी नसते. आमंत्रण तोंडी होतं. पत्रिका असते ती नावांसाठी. वर निमंत्रक, त्याखाली विनीत, मग व्यवस्थापक, मग स्वागतोत्सुक, आणि तळाला 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' म्हणत पोराटोरांची फौज. ज्याला लग्नात काहीही करायचं नसतं त्याला स्वागतोत्सुकमध्ये घालतात. कुणाचं नाव कुणाच्या वर आणि कुणाच्या खाली यावरून आमच्यात बोलणी बंद होतात, बांधावरची वाट बंद होते, एकदा तर विहिरीवरची मोटार बंद झाली होती.

माझी आणि माझ्या थोरल्या भावाची बोलणी अशीच बंद होती. पुंजारामदादा मखमलाबादला मळा सांभाळतो, झेंडू आणि भाजीपाला करतो. त्याच्या मुलाच्या लग्नाची पत्रिका त्यानं एकट्यानं केली आणि माझं, सख्ख्या भावाचं नाव दोन चुलतभावांच्या खाली टाकलं. मी लग्नाला गेलो, अक्षता टाकल्या, उभ्या उभ्या जेवलो आणि आलो. तेव्हापासून मखमलाबादच्या बाजूला माझी स्कूटर वळली नव्हती. यात माझं काही चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

तर दोन हजार तीन सालच्या दिवाळीत हर्षालीचं लग्न ठरलं. मुलगा चांदवडचा, सिन्नरच्या कारखान्यात नोकरीला. पत्रिकेचा विषय निघाला तसं घर गप्प झालं. हर्षाली तेवढी बोलली. "पप्पा, बाकी कुणाचं नाव कुठेही छापा. मला मांडवात मोठे बाबा हवेत." मोठे बाबा म्हणजे दादा. लहानपणी ती सुटीत मळ्यातच असायची, दादाच्या खांद्यावर बसून झेंडू मोजायची. मी म्हणालो, "बघू." ती म्हणाली, "बघू नका, बोलवा." आणि आत निघून गेली. ही एवढीच एक गोष्ट तिनं लग्नात मागितली, म्हणून ती मला नाकारता येईना, आणि दादाशी बोलायचं म्हणून ती मान्यही करता येईना.

अशा वेळी जीवन आला. जीवन म्हणजे आमच्या लासलगावच्या नवसाबाई आत्याचा नातू, पुण्याला कॉम्प्युटरच्या नोकरीत. सगळी हकीगत ऐकून तो हसला.

"काका, तुमची भांडणं नावांवरून होत नाहीत. पत्रिका एकाच्या ताब्यात असते म्हणून होतात. मालकच नको."

"म्हणजे?"

"प्रत्येकाकडे एकेक प्रत. ज्याला जे बदलायचं ते त्यानं आपल्या प्रतीत बदलायचं. मग ती ज्याच्यावर विश्वास आहे त्याला दाखवायची. त्याला पटलं तर तो आपल्या प्रतीत उतरवून घेईल, आणि त्याच्या विश्वासाच्या माणसाला दाखवेल. नाही पटलं तर सोडून देईल. कुणी कुणावर सक्ती नाही. अख्खी भाऊकी कुठून ना कुठून एकमेकांना जोडलेलीच आहे, शेवटी सगळ्यांच्या प्रती आपोआप सारख्या होतात. आमच्याकडे मोठमोठी कामं अशीच चालतात."

"आणि शेवटचा शिक्का कोण मारणार?"

"कुणीच नाही. तीच तर गंमत आहे."

शिक्क्याशिवाय छपाई ही कल्पनाच मला झेपेना. पण बायको म्हणाली, "पोरगा शिकलेला आहे," आणि मलाही आत कुठेतरी वाटलं की मालकच नसेल तर दादाशी बोलायची वेळ येणार नाही. नाव वर गेलं किंवा खाली आलं तर ते जगानं केलं म्हणता येईल.

जीवननं सायबर कॅफेत बसून मजकूर तयार केला आणि प्रती काढल्या. एक मला, एक बायकोला, एक बायकोच्या भावाला, एक लासलगावला आत्याकडे, अशा वाटल्या. दादाची प्रत माझ्याकडे दिली. "ही तुम्ही द्या," तो म्हणाला. मी ती टेबलाच्या खणात ठेवली. हर्षालीनं विचारलं, "मोठ्या बाबांना दिली?" मी म्हणालो, "अगं, ही सगळी पद्धत विश्वासावर आहे." तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी वर्तमानपत्र उघडलं.

शेजारचे चंदरराव पहिल्याच संध्याकाळी सल्ला घेऊन आले. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांचा छापील कागदाशिवाय कशावरही विश्वास नाही. कॉलनीत पाणी आलं की ते आधी नोटीस बोर्ड बघतात, मग नळ सोडतात. "मौले, हे प्रकरण फसणार," ते म्हणाले. "तोंडी सूचना, हस्तलिखित दुरुस्त्या, सक्षम अधिकारी कोण ते माहीत नाही. लेखी घ्या सगळ्यांकडून." मला त्यांचं पटलं होतं. पण चंदररावांचं पटलं असं कबूल करायची कॉलनीत पद्धत नाही.

मी माझ्या प्रतीवर मन लावून काम केलं. पोराटोरांची ओळ काढली, कारण ती मला पोरकट वाटते. निमंत्रकांत माझं नाव वर घेतलं, मुलीचा बाप म्हणून. मग ती प्रत बायकोला दिली. दुसऱ्या दिवशी तिची प्रत पाहिली तर त्यात माझा एकही बदल नव्हता.

"हे काय? माझं काहीच घेतलं नाहीस."

"तुमच्याकडून आलेलं मी कशाला घेऊ? भाऊकडून आलं की घेते."

"अगं, पण भाऊकडे ते माझ्याकडूनच गेलंय."

"मग भाऊनं बघितलेलं असेल ना," ती म्हणाली आणि भाजी चिरू लागली.

इतकी वर्षं माझ्या नजरेखालून काय काय गेलं, आणि माझ्या स्वतःच्या बायकोला माझी तपासणी भावाकडून तपासून हवी होती. मी दुखावलो. मग मी हळूहळू माझे बदल कुठवर पोचले ते बघू लागलो आणि आणखी दुखावलो. ते कुठेच पोचले नव्हते. मेहुण्यानं 'दाजी आहेत, त्यांचं ऐकून घ्यावं' म्हणून ऐकून घेतलं होतं, उतरवलं काहीच नव्हतं. चुलतभाऊ म्हणाला, "नाव वर तू टाकलंस का? मला वाटलं लिहिताना चूक झाली." या पद्धतीत कोण कुणावर किती विश्वास ठेवतो ते उघड्यावर पडतं, आणि ते कळल्यावर त्याच घरात राहावं लागतं. हे जीवननं आधी सांगायला हवं होतं.

उलट आत्यानं जे म्हटलं ते वाऱ्यासारखं पसरायचं. आत्याला वाचता येत नाही. ती पत्रिका सुनेकडून वाचून घ्यायची, मान हलवायची आणि बदल सांगायची. सून तो लिहायची. मग लासलगावच्या मार्केट यार्डात कांद्याचा लिलाव संपला की ट्रॅक्टर जिकडे जिकडे परतायचे तिकडे तिकडे आत्याचा बदल पोचायचा. देवळा, निफाड, पिंपळगाव, सगळीकडे लोक आपल्या प्रतीत तो उतरवून घ्यायचे. तिच्यावर अख्ख्या भाऊकीचा विश्वास. तिनं मला फोनवर सरळ सांगितलं, "सोमा, तू नोटा तपासतो, नाती नाय तपासत. ते माझ्याकडं राहू दे."

आणि एके दिवशी आत्यानं सुनेकडून मजकूर वाचून घेताना 'मंगल कार्यालय' ऐकलं. तिनं सुनेला थांबवलं. मौल्यांच्या पोरी मळ्यातून जातात. तिची बहीण मळ्यातून गेली, ती स्वतः मळ्यातून गेली, सगळ्या गोरज मुहूर्तावर, गायी घरी यायच्या वेळी. मंगल कार्यालय ही लिहिणाऱ्याची चूकच असणार असं तिला मनापासून वाटलं, आणि तिनं ती दुरुस्त केली. कुणाला विचारण्यासारखं त्यात काही होतं असं तिला वाटलंच नाही. तिच्या दुरुस्तीत माझं नावही जागेवरून हललं आणि निमंत्रकांत चौथं झालं. तेही तिला दुरुस्तीच वाटली असावी.

छपाईही जीवननं वाटून दिली होती. जो ज्यांना पत्रिका वाटणार तो त्यांच्यापुरत्या छापणार. इकडे मेहुण्यानं नाशिक रोडला छापल्या, तिकडे आत्याच्या मुलानं लासलगावला छापल्या. आत्याचा मुलगा एक गठ्ठा आमच्या घरीही टाकून गेला आणि बायकोनं, भाऊच्या गठ्ठ्यातल्या संपल्या म्हणून, त्यातल्या चार कॉलनीत वाटून टाकल्या. मी कामावरून आलो तेव्हा टेबलावर दोन गणपती शेजारी शेजारी ठेवलेले होते. मी सवयीनं दोन्हींवरून नजर फिरवली. शाई ठीक होती, रेघा सरळ होत्या. मग मजकूर वाचला आणि खाली बसलो.

"हे दादानं केलंय," मी म्हणालो.

"कशावरून?" हर्षालीनं विचारलं.

"मळा कुणाचा आहे? माझं नाव चौथं कुणी टाकलं असेल? त्याला सवय आहे."

तेवढ्यात फोन वाजला. चांदवडहून व्याही बोलत होते, अत्यंत गोड आवाजात, आणि व्याही गोड बोलू लागले की समजावं.

"मौले साहेब, आम्हाला दोन पत्रिका मिळाल्या. आमच्या पाहुण्यांनाही दोन्ही मिळाल्यात. मुलगी एकच आहे ना?"

"एकच, एकच. थोडा घोळ..."

"आमच्याकडे वडीलधारी मंडळी विचारतायत. ज्या घरात पत्रिकेवर एकमत नाही तिथं पुढं कसं व्हायचं म्हणतायत. मी म्हटलं, तसं काही नसेल. तुम्ही परवापर्यंत नक्की कळवा. वऱ्हाडाच्या गाड्या कुठं न्यायच्या तेवढं समजलं पाहिजे. नाहीतर पुढच्या मुहूर्ताचं बघू."

पुढचा मुहूर्त म्हणजे काय ते मला कळत होतं. पुढचा मुहूर्त म्हणजे कदाचित दुसरी मुलगी. मी फोन ठेवला. हर्षाली दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

मी आधी मंगल कार्यालय गाठलं. म्हटलं निदान जागा तरी पक्की करू. तिथले व्यवस्थापक गृहस्थ गंभीर होते. त्यांनी खणातून आत्याची पत्रिका काढून माझ्यासमोर ठेवली. त्यांची बहीण निफाडला दिलेली.

"लग्न मळ्यात आहे ना? आम्ही तारीख मोकळी धरली. दुसरी पार्टी विचारून गेली."

"लग्न इथेच आहे. मी मुलीचा बाप आहे."

त्यांनी चष्मा सारखा करून पत्रिका वरपासून वाचली. माझं नाव सापडायला त्यांना वेळ लागला. "तुम्ही चौथे," ते म्हणाले. "पहिले तिघे कुठे आहेत?"

मी पावतीची आठवण करून दिली. पावती मेहुण्याच्या नावावर होती. "मग त्यांना घेऊन या," ते म्हणाले, "आणि एक अर्ज. आणि तुम्हीच वधूपिता असल्याचं सांगणारी दोन माणसं. ओळखीची पाहिजेत."

"कुणाच्या ओळखीची?"

"माझ्या."

मी तडक घराकडे निघालो. वाटेत मेहुण्याला फोन केला तर तो म्हणाला, "दाजी, मीही गोंधळलोय. पत्रिका मी छापली खरी, पण तिकडून इतके लोक मळा म्हणतायत की मलाच वाटायला लागलं." म्हणजे ज्याच्या शब्दावर माझी बायको विसंबून होती तोही हलला होता. घरी बायको डोक्याला हात लावून बसलेली. मी तिला म्हणालो, "लग्न बारा पस्तीसला, नाशिक रोडला. मी सांगतोय." ती म्हणाली, "तुम्ही सांगताय हो, पण भाऊचं काय?"

जीवनला मी पुण्याहून बोलावून घेतलं. तो आला, फोनजवळ बसला आणि दिवसभर एकेकाला विचारत राहिला. तो फोन ठेवायचा तेव्हा आम्ही तिघं त्याच्या तोंडाकडे बघायचो. चंदरराव मधून मधून खिडकीतून डोकावून "काही लेखी आलं का?" म्हणून विचारून जायचे. शेवटी जीवननं रिसीव्हर खाली ठेवला आणि कपाळ पुसलं.

"काका, पद्धत बरोबर आहे."

"जीवन, मी तुला घराबाहेर काढीन."

"ऐका तर. सगळे कुणाला तरी विचारतायत. तुमचा मेहुणा म्हणतो, आत्या काय म्हणते ते बघू. पिंपळगाववाले म्हणतात, आत्याला विचारू. आणि आमची आजी, मी तिला सांगितलं की काकांनी कार्यालय मुद्दाम ठरवलंय, तर ती म्हणते, मग मी मधे नाय, पुंजाराम सांगंल ते खरं. सगळी भाऊकी दादाकाकांपाशी येऊन थांबलीय."

"मग त्याला विचार."

"विचारलं. ते म्हणाले, ज्याची पोरगी त्यानं सांगावं. सोमाचा निरोप आला की सांगतो सगळ्यांना."

"मग माझा निरोप सांग."

"सांगितला. ते म्हणाले, तुझ्या तोंडून नको."

जीवननं समोरच्या कागदावर नावं लिहून त्यांना रेघांनी जोडलं होतं. सगळ्या रेघा कुठून कुठून फिरून दादाच्या नावापर्यंत जात होत्या. दादाच्या आणि माझ्या नावामध्ये रिकामी जागा होती. तो म्हणाला, "एवढी एकच जोडणी नाही." मला त्याचा राग आला, कागदाचा राग आला आणि सर्वांत जास्त राग दादाचा आला, कारण त्यानं सगळा गाव माझ्यासाठी थांबवून ठेवला होता आणि मला कळवलंही नव्हतं.

हर्षाली उठली, भिंतीवरची स्कूटरची किल्ली काढली आणि माझ्यासमोर ठेवली.

स्कूटरवर द्वारका चौक ओलांडेपर्यंत मी बोलायची वाक्यं तयार करत होतो. पहिलं वाक्य कडक होतं. पंचवटीत गर्दी लागली तेव्हा ते थोडं मऊ केलं. मखमलाबादच्या रस्त्याला लागलो तेव्हा ते पुन्हा कडक केलं, कारण पत्रिकेतलं चौथं नाव आठवलं. उद्या व्याह्यांना उत्तर द्यायचं होतं. दादा नाही म्हणाला, किंवा मळाच म्हणाला, तर माझ्याकडे दुसरं काहीही नव्हतं. स्कूटर बांधाशी उभी केली आणि मळ्यात शिरलो.

दादा झेंडूच्या ढिगापाशी बसून पाट्या भरत होता. त्यानं मान वर केली, मला पाहिलं, पुन्हा खाली घातली.

"बस," तो म्हणाला.

मी बसलो. वहिनीनं पाणी आणून दिलं आणि लगेच आत गेली, पण दाराआडच थांबली असावी, कारण बांगड्या वाजल्या नाहीत. दादा फुलं टाकत राहिला. मी नकळत खराब फुलं बाजूला काढू लागलो.

"झेंडूला भाव नाय यंदा," दादा म्हणाला.

"हो का."

"लय माल आलाय."

माझी सगळी तयार वाक्यं मी पंचवटीतच विसरून आलो होतो. शेवटी मी बोललो. "मळ्याचा मांडव तू छापायला लावलास ना?"

दादानं हात थांबवला. "मी? मला कागद आत्यानं धाडला. त्यात मी टिंब बदललं नाय. तू दिला असता तर हात लावला असता."

"काय बदललं असतंस?"

"तुझं नाव चौथं हे. ते वर घेतलं असतं. बाप हे तू पोरीचा."

हे मला सहन झालं नाही. "मग तुझ्या पोराच्या लग्नात का नाही घेतलंस?"

"तवा कागद माझ्या एकट्याच्या हातात व्हता, सोमा. धा जण धा बाजूनी वढत व्हते. चुलतभाऊ दारात येऊन बसले. म्हटलं, सोमा घरचा हे, त्याला खाली टाकलं तरी चालंल." तो पुन्हा पाटी भरू लागला. "नाय चाललं."

मी एका चांगल्या फुलाच्या पाकळ्या उपटत बसलो होतो. दादानं ते फूल माझ्या हातातून काढून घेतलं.

"लग्न कुठं हे?" त्यानं विचारलं.

"नाशिक रोडला. मंगल कार्यालयात. बारा पस्तीस." मग मी म्हणालो, "दादा, तू पाहिजेस. हर्षाली म्हणते. मी पण म्हणतो."

दादा उठला, हात धोतराला पुसले, ओसरीवरच्या फोनपाशी गेला आणि लासलगावचा नंबर फिरवला. "आत्या, पुंजाराम. नाशिक रोड. बारा पस्तीस. हां. सोमा आलाय हितं." आणि त्यानं फोन ठेवला. ज्या कामासाठी माझे दोन दिवस गेले ते काम एवढंच होतं. मग वहिनीच्या बांगड्या वाजल्या आणि चहा आला.

मी नाशिक रोडला पोचलो तर कॉलनीच्या फाटकाशी दूधवाल्यानं स्कूटर थांबवली. "मौले साहेब, कळलं का? लग्न बारा पस्तीसला हे, कार्यालयात. एकदम पक्की बातमी हे." मी त्याचे आभार मानले. घरी बायकोचा चेहरा उजळला होता. "अहो, ऐकलंत का? बारा पस्तीस. भाऊचा फोन आला होता." मंगल कार्यालयाच्या व्यवस्थापकांचा निरोप होता की अर्जाची गरज नाही, निफाडहून बहिणीनं सांगितलं. चांदवडहून व्याही खऱ्या गोड आवाजात म्हणाले, "आता कसं पक्कं झालं. आमच्या मेहुण्यांना यार्डात समजलं." मी प्रत्येकाला "असं का?" म्हणालो. एकानंही मला विचारलं नाही.

एकच माणूस राहिला होता. मी स्वतः जाऊन चंदररावांना सांगितलं, "लग्न बारा पस्तीसला, कार्यालयात." त्यांनी दोन्ही पत्रिका टाचणी लावून फायलीत ठेवल्या होत्या. वर मिळाल्याच्या तारखा टाकल्या होत्या. "मौले, मळ्याची पत्रिका मला नंतर मिळाली," ते म्हणाले. "नंतरचं परिपत्रक आधीचं रद्द करतं. तोंडी सूचनेनं ते बदलत नाही." मला वाटलं ते थट्टा करतायत.

लग्न बारा पस्तीसला लागलं. भाऊकी झाडून आली. आत्या पहिल्या रांगेत बसून "मळ्यात झालं असतं तर वारा तरी लागला असता" असं प्रत्येकाला सांगत होती. दादा नवा फेटा बांधून दारात उभा राहिला आणि येणाऱ्या माणसाला आधी माझ्याकडे धाडत होता. मंगलाष्टकं संपली तेव्हा हर्षालीनं आधी दादाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. दादानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि रडू लागला. मग मीही रडलो. पाठवणी झाली आणि कार्यालय एकदम मोठं वाटू लागलं.

"मळ्यावर चल," दादा म्हणाला. "स्वयंपाक केलाय."

"आता कशाला?"

"पत्रिकेत छापलं हे ना मळ्यात म्हणून? कुणी चुकून आला तर उपाशी जायला नको."

आम्ही पोचलो तेव्हा गायी गोठ्यात येत होत्या. ओसरीवरच्या खाटेवर चंदरराव बसले होते. अंगात सूट, मांडीवर आहेराचं पाकीट, हातात टाचणी लावलेल्या पत्रिका. ते बराच वेळ बसलेले दिसत होते, कारण वहिनीनं त्यांना दुसऱ्यांदा चहा दिला होता.

"मौले," ते म्हणाले, "गोरज होत आली. मांडव नाही, भटजी नाहीत. लग्न कधी लागणार?"

मी दादाकडे पाहिलं. दादानं माझ्याकडे पाहिलं.

"दादाला विचारा," मी म्हणालो.

"सोमाला इचारा, पोरगी त्याची हे," दादा म्हणाला, आणि त्यानं वहिनीला तीन ताटं वाढायला सांगितली.